संहाराचे दफ्तर वाचणारा माणूस

जर्मनव्याप्त पोलंडमधील रेल्वेने सप्टेंबर १९४२ मध्ये काढलेला एक वेळापत्रक-आदेश आहे. त्याचा क्रमांक ५८७. कोणत्या स्थानकावरून विशेष गाडी किती वाजता सुटेल, कोठे थांबेल, ट्रेब्लिंकाला केव्हा पोहोचेल आणि तेथून रिकामी निघून पुढच्या गावी केव्हा जाईल, एवढीच माहिती त्यात आहे. त्यावर 'गोपनीय' असा शिक्का नाही. सरकारी कागदावर असते तशी 'केवळ कार्यालयीन उपयोगासाठी' अशी ओळ आहे. गाडी भरून जाते आणि रिकामी परतते. या दोन नोंदींच्या मध्ये, ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत, हजारो माणसांचा मृत्यू आहे, आणि मृत्यू हा शब्द त्या कागदावर कोठेही नाही. क्लोद लान्झमान यांच्या १९८५ च्या प्रदीर्घ माहितीपटात जाड चष्म्याचा एक प्राध्यापक आपल्या घरी बसून हा कागद ओळीओळीने समजावून सांगतो, त्या एका आदेशामागे सुमारे दहा हजार मृत्यू असावेत असा हिशेब मांडतो आणि आवाज कोठेही चढवत नाही.

तो प्राध्यापक म्हणजे राउल हिलबर्ग. युरोपातील ज्यूंच्या संहाराचा अभ्यास ही ज्ञानशाखा आज जगभरातील विद्यापीठांत रुजलेली आहे. तिची अध्यासने आहेत, संस्था आहेत, नियतकालिके आहेत. हिलबर्ग यांनी १९४८ मध्ये हा विषय निवडला तेव्हा यातले काहीच नव्हते. त्यांची कारकीर्द एका थोर विद्वानाची यशोगाथा म्हणून सांगता येईल, आणि पुष्कळदा तशी सांगितलीही जाते. मला मात्र त्या कारकिर्दीतून एक सार्वजनिक प्रश्न दिसतो: एखाद्या समाजावर कोसळलेल्या अनर्थाचा इतिहास लिहिताना संशोधकाने अंतिमतः कोणाला बांधील असावे? मृतांच्या स्मृतीला, ती स्मृती जपणाऱ्या संस्थांना, आपल्या समाजाच्या स्वाभिमानाला, की समोर असलेल्या कागदाला? हिलबर्ग यांनी कागदाची बाजू घेतली आणि त्याची किंमत मोजली. त्यांची निवड योग्य होती असे माझे मत आहे. परंतु ज्या ठिकाणी ते चुकले ती ठिकाणे झाकून हे मत मांडता येणार नाही.

हिलबर्ग यांचा जन्म १९२६ मध्ये व्हिएन्नात झाला. १९३८ मध्ये ऑस्ट्रिया जर्मनीला जोडला गेला. वडिलांना अटक झाली आणि पहिल्या महायुद्धात त्यांनी केलेल्या सैनिकी सेवेमुळे ते सुटले. एप्रिल १९३९ मध्ये कुटुंबाने देश सोडला. फ्रान्स आणि क्युबामार्गे हा तेरा वर्षांचा मुलगा १ सप्टेंबर १९३९ रोजी, म्हणजे महायुद्ध पेटले त्याच दिवशी, अमेरिकेत उतरला. मागे राहिलेले सव्वीस नातेवाईक मारले गेले. पुढे अमेरिकी सैन्यात असताना त्यांना म्युनिकमध्ये नाझी पक्षाच्या वास्तूत हिटलरच्या खासगी ग्रंथसंग्रहाच्या पेट्या सापडल्या. ही माहिती मी चरित्राची रीत म्हणून देत नाही. ज्याचे इतके गणगोत या संहारात गेले त्या माणसाने आयुष्यभर पीडितांच्या आठवणींपेक्षा अधिकाऱ्यांच्या टिप्पण्या वाचणे पसंत केले, ही गोष्ट विचित्र वाटते आणि तिचा अर्थ लावला पाहिजे.

त्या अर्थाची सुरुवात ब्रुकलिन कॉलेजमध्ये होते. तेथे हान्स रोझेनबर्ग प्रशियाच्या नोकरशाहीचा इतिहास शिकवत आणि राज्यकर्ते बदलले तरी कचेरी कशी टिकून राहते हे दाखवत. पुढे कोलंबिया विद्यापीठात हिलबर्ग यांच्यासमोर दोन वाटा होत्या. ज्यू इतिहासाचे त्या काळातील सर्वांत मोठे अभ्यासक सॅलो बॅरन तेथे होते आणि त्यांच्या हाताखाली काम करणे ही अपेक्षित वाट होती. दुसरीकडे फ्रान्झ नॉयमान होते. ते स्वतः जर्मनीतून परागंदा झालेले कायदेपंडित. नाझी राज्य हे पक्ष, सनदी सेवा, सैन्य आणि उद्योग या चार स्वतंत्र उतरंडींचे बनलेले आहे अशी त्यांची मांडणी होती. हिलबर्ग यांनी नॉयमान यांना मार्गदर्शक म्हणून निवडले. ज्यूंच्या इतिहासातील एक प्रकरण म्हणून नव्हे, तर जर्मन शासनयंत्रणेचे एक काम म्हणून हा संहार पाहायचा, हे त्याच दिवशी ठरले. विषय ऐकल्यावर नॉयमान यांनी होकार दिला आणि पुढे म्हणाले की हे तुझे स्वतःचे मरण आहे. नोकरीच्या बाजारात या विषयाला गिऱ्हाईक नाही, एवढाच त्याचा रोखठोक अर्थ होता. आज हे वाक्य गमतीचे वाटते, पण शिष्याला धोका स्पष्ट सांगून तरीही त्याच्या पाठीशी उभे राहणारा मार्गदर्शक कोणत्याही विद्यापीठात दुर्मिळच असतो.

युद्धात हस्तगत केलेली जर्मन कागदपत्रे व्हर्जिनियातील अलेक्झांड्रिया येथे, एका जुन्या टॉर्पेडो कारखान्यात ठेवली होती. हिलबर्ग यांना तेथे काम मिळाले. नाझी पुढाऱ्यांवरील न्यूरेम्बर्ग खटल्यांसाठी गोळा झालेले दस्तऐवज आणि हे दफ्तर यांत बुडून त्यांनी जे पाहिले त्याने संहाराविषयीची रूढ कल्पना मोडली. तोपर्यंत लोकांच्या डोळ्यांसमोर मूठभर माथेफिरू आणि त्यांचे काळे गणवेशधारी होते. दफ्तरातून दिसत होते ते वेगळेच होते. कोणत्याही एका खात्याकडे ज्यूंना मारण्याचे काम सोपवलेले नव्हते, त्यासाठी स्वतंत्र अंदाजपत्रक नव्हते. प्रत्येक खाते आपापले नेहमीचे काम थोडे वाढवून करत होते. गृहखाते व्याख्या करत होते, अर्थखाते कर लावत होते, मालमत्तेचा ताबा घेणारे ताबा घेत होते, नगरपालिका भिंती बांधत होत्या, रेल्वे डबे पुरवत होती.

यातील क्रम हिलबर्ग यांनी दाखवून दिला आणि तो त्यांच्या कामाचा गाभा ठरला: आधी व्याख्या, मग संपत्तीचे हरण, मग एका जागी कोंडणे आणि शेवटी नाश. एप्रिल १९३३ च्या कायद्याने सरकारी नोकरीतून 'अनार्य' माणसे काढली. नोव्हेंबर १९३५ च्या नियमाने तीन किंवा अधिक आजीआजोबा ज्यू धर्माचे असतील तर माणूस ज्यू, असे ठरवले. व्याख्या लिहिणाऱ्या कारकुनाला त्या वेळी गॅस चेंबर ठाऊक नव्हता आणि त्याला तो ठाऊक असण्याची गरजही नव्हती. पण व्याख्येशिवाय यादी होत नाही, यादीशिवाय मालमत्ता शोधता येत नाही आणि पत्त्याशिवाय माणूस उचलता येत नाही. युरोपातील शतकानुशतकांचा ज्यूद्वेषही हिलबर्ग यांनी तीन वाक्यांत मांडला आहे, आणि त्याहून नेमकी मांडणी मी वाचलेली नाही. धर्मप्रसारक म्हणाले, तुम्ही ज्यू म्हणून आमच्यात राहू शकत नाही. त्यांच्यानंतरचे राज्यकर्ते म्हणाले, तुम्ही आमच्यात राहू शकत नाही. नाझी म्हणाले, तुम्ही राहू शकत नाही.

रेल्वेचे प्रकरण मी मुद्दाम थोडे अधिक सांगतो, कारण ते वाचल्यावर 'आज्ञा पाळली' या सबबीचा अर्थ बदलतो. जर्मन रेल्वेने मृत्युछावण्यांकडे जाणाऱ्या ज्यूंना मालवाहू डब्यांतून नेले, पण हिशेब उतारूंचा केला. तिसऱ्या वर्गाचे भाडे, दर किलोमीटरला चार फेनिग. दहा वर्षांखालील मुलांना अर्धे तिकीट, चार वर्षांखालील मुले फुकट. चारशेहून अधिक माणसे असतील तर सहलीच्या गटाला मिळे तशी निम्म्या भाड्याची सवलत. तिकीट एकेरी, पहाऱ्यावरील शिपायांचे मात्र जाण्यायेण्याचे. बिल पोलिसांच्या नावे निघे आणि काही व्यवहार चक्क प्रवासी कंपनीमार्फत होत. ग्रीसमधील सालोनिकाहून माणसे नेण्याचा खर्च ज्यूंच्याच जप्त केलेल्या संपत्तीतून भागवायचे ठरले तेव्हा ग्रीक चलनाचे काय करायचे यावर पत्रव्यवहार झाला. हे दर ठरवणाऱ्या माणसाने कोणाचा द्वेष केला असेलच असे नाही. त्याने दरपत्रक लागू केले. आणि हे शोधून काढायला द्वेषाचे मानसशास्त्र उपयोगी पडले नसते. त्यासाठी रेल्वेचे भाडेपत्रक वाचावे लागले. मोठ्या प्रश्नांपासून मी कधी सुरुवात केली नाही, कारण हाती लहान उत्तरे लागतील अशी भीती वाटे, असे हिलबर्ग म्हणत, ते याच अर्थाने.

पेशवे दफ्तरातील जमाखर्चाचे रुमाल उलगडून बखरीतील कथा तपासणाऱ्या मराठी संशोधकांची परंपरा ज्यांना माहीत आहे, त्यांना ही पद्धत परकी वाटू नये. बखर वीरांची आणि विश्वासघातक्यांची असते. दफ्तर कारकुनांचे असते. हिलबर्ग यांना विरोध झाला तो प्रामुख्याने बखर हवी असणाऱ्यांकडून.

प्रबंध १९५५ मध्ये मान्य झाला. नॉयमान त्याआधीच, १९५४ मध्ये, स्वित्झर्लंडमध्ये मोटार अपघातात गेले होते. प्रबंधाला विद्यापीठाचे पारितोषिक मिळाले आणि त्याबरोबर छपाईचा हक्कही. पण विद्यापीठाचा छापखाना प्रबंधाएवढाच भाग छापायला तयार होता, आणि हिलबर्ग यांना तोवर कितीतरी वाढलेले संपूर्ण हस्तलिखित छापून हवे होते. येथून सहा वर्षांची वणवण सुरू झाली. इस्राएलच्या संसदेने १९५३ मध्ये कायदा करून स्थापन केलेल्या यद वाशेम या स्मारकसंस्थेने १९५८ मध्ये नकार कळवला. पुस्तक जवळजवळ संपूर्णपणे जर्मन साधनांवर आधारलेले आहे आणि ज्यूंच्या प्रतिकाराविषयी त्यात केलेले मूल्यमापन मान्य होण्यासारखे नाही, अशी दोन कारणे होती. पुढच्या वर्षी प्रिन्स्टनच्या विद्यापीठ-प्रकाशनाने नकार दिला. या विषयावर पुरेशी पुस्तके झाली आहेत असे त्यांना वाटत होते. त्यांना अभिप्राय देणाऱ्या व्यक्ती राजकीय विचारवंत हाना आरेंट होत्या, हे हिलबर्ग यांना पुष्कळ नंतर कळले. चार वर्षांनी, ज्यूंना छावण्यांकडे धाडण्याची व्यवस्था पाहणारा नाझी अधिकारी आयखमान याच्या खटल्यावरील आपल्या गाजलेल्या पुस्तकात याच संशोधनाचा आरेंट यांनी मनसोक्त उपयोग केला. विद्वत्तेच्या जगातील हा व्यवहार आपल्याकडच्या वाचकांनाही अनोळखी वाटणार नाही.

अखेर १९६१ मध्ये शिकागोच्या क्वाड्रँगल या छोट्या प्रकाशनाने हे सुमारे आठशे पानांचे, दुहेरी रकान्यांत बारीक टायपात छापलेले पुस्तक काढले. त्यासाठी झेकोस्लोव्हाकियातून आलेल्या एका निर्वासित ज्यू कुटुंबाने १५,००० डॉलर दिले. जर्मन भाषेत ते येण्यास १९८२ उजाडले. त्याआधी तेथील एका प्रकाशकाने करार करून तो मोडला होता, आणि शेवटी छापले ते पश्चिम बर्लिनमधील एका लहानशा डाव्या प्रकाशनाने.

विरोध ज्या भागाला झाला तो ज्यू परिषदांविषयीचा होता. जर्मनांनी प्रत्येक घेट्टोत, म्हणजे ज्यूंना कोंडलेल्या वस्तीत, ज्यू पुढाऱ्यांची परिषद नेमली होती. शिधा, घरे, आजारपण हे तीच पाहत असे. याद्या तयार करणे आणि पुढे माणसे स्थानकावर हजर करणे हेही तिच्याच माथी आले. हिलबर्ग यांनी लिहिले की या परिषदा विनाशयंत्रणेचा एक भाग बनल्या आणि त्यांच्याशिवाय जर्मनांना कितीतरी अधिक मनुष्यबळ लागले असते. खुद्द नॉयमान यांनी कच्च्या मसुद्यात हा भाग वाचून सांगितले होते की हे सहन होण्यापलीकडचे आहे, काढून टाक. प्रबंधातून तो काढला गेला; पुस्तकात हिलबर्ग यांनी तो परत घातला.

यद वाशेमच्या नकारामागे केवळ संकुचितपणा होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. राष्ट्र नुकतेच उभे राहिले होते. रस्त्यात, कारखान्यात, शेजारच्या घरात छावणीतून वाचलेली माणसे राहत होती आणि 'तुम्ही मेंढरांसारखे गेलात' हा टोमणा त्यांना ऐकावा लागत होता. त्या संस्थेच्या नावातच हुतात्म्यांबरोबर वीर होते आणि वॉर्सा घेट्टोतील एप्रिल १९४३ च्या उठावाला राष्ट्रीय सणाचे स्थान मिळत होते. अशा वेळी एक अमेरिकी प्राध्यापक मारेकऱ्यांच्या फायली वाचून सांगतो की प्रतिकार नगण्य होता, तेव्हा ते जखमेवर मीठच होते. ही वेदना खरी होती. तरीही वेदना हे हस्तलिखित नाकारण्याचे कारण होऊ शकते, हे मला मान्य करता येत नाही.

आणि तरीही हिलबर्ग यांची मोठी चूक याच ठिकाणी आहे. ज्यूंनी प्रतिकार का केला नाही याचे उत्तर देताना ते दोन हजार वर्षांमागे गेले आणि परागंदा अवस्थेत या समाजाने छळाला विनंत्या, चुकवाचुकवी आणि आज्ञापालन यांनी तोंड देण्याची सवय लावून घेतली होती, असे म्हणाले. रेल्वेच्या एका बिलासाठी शेकडो कागद तपासणाऱ्या माणसाने एका संपूर्ण समाजाच्या दोन सहस्रकांच्या स्वभावावर इतक्या थोड्या आधारावर निर्णय दिला. येथे त्यांच्यापुढे दफ्तर नव्हते आणि नेमके येथेच ते डळमळले. ज्या पद्धतीचा त्यांनी आयुष्यभर आग्रह धरला त्याच पद्धतीने तपासले तर हा निष्कर्ष टिकत नाही.

शिवाय ज्यूंचे दफ्तर नव्हतेच असे नाही. वॉर्सा घेट्टोत इमॅन्युएल रिंगेलब्लुम या इतिहासकाराने गुप्तपणे माणसे जमवून घेट्टोतील जीवनाचा संग्रह तयार केला होता. रोजनिशा, शाळकरी मुलांचे निबंध, शिधापत्रिका, नाटकांच्या जाहिराती, उपासमारीच्या वैद्यकीय नोंदी असे हजारो कागद धातूच्या पेट्यांत आणि दुधाच्या बरण्यांत भरून जमिनीत पुरले गेले. रिंगेलब्लुम मार्च १९४४ मध्ये मारले गेले. संग्रहाचा एक भाग १९४६ मध्ये आणि दुसरा १९५० मध्ये ढिगाऱ्याखालून निघाला. पोलिश आणि यिडिश (पूर्व युरोपातील ज्यूंची बोली) कागदांचा हा ढीग हिलबर्ग यांच्या पुस्तकात फारसा येत नाही. तो आला असता तर परिषदांचे चित्र इतके एकरंगी राहिले नसते. आयझाया ट्रुंक यांनी १९७२ मध्ये केलेल्या तपशीलवार अभ्यासाने दाखवले की प्रत्येक गावची परिषद वेगळी होती. कोठे पुढारी हुकूमशहा झाला, कोठे त्याने बंडखोरांना लपूनछपून मदत केली.

याला उत्तर म्हणून हिलबर्ग यांनी काय केले, हे मला महत्त्वाचे वाटते. त्यांनी वॉर्सा परिषदेचे अध्यक्ष आदाम चेर्नियाकूव यांच्या रोजनिशीच्या इंग्रजी आवृत्तीचे सहसंपादन केले. ती १९७९ मध्ये आली. चेर्नियाकूव यांनी २३ जुलै १९४२ रोजी, घेट्टोतून माणसे नेण्यास सुरुवात झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, विष घेऊन जीवन संपवले होते. रोजनिशीच्या वाचनानंतर हिलबर्ग चेर्नियाकूव यांच्याविषयी ज्या तऱ्हेने बोलत त्यात आधीचा कोरडेपणा उरला नव्हता. दररोज कचेरीत जाणारा, दररोज विनवण्या करणारा, अंत दिसत असूनही हिशेब ठेवणारा एक माणूस त्यांना ओळखीचा झाला होता. त्यांनी आपला मूळ निष्कर्ष सोडला नाही, पण ते पुढे गेले ते आणखी एक कागद वाचून. याच वाटेने पुढे सॉल फ्रीडलेंडर यांनी १९९७ आणि २००७ मध्ये आलेल्या दोन खंडांत मारेकऱ्यांच्या आदेशांबरोबर पीडितांच्या रोजनिशांचे आवाज विणले. फ्रीडलेंडर यांचे आईवडील ऑशवित्झच्या मृत्युछावणीत मारले गेले होते आणि ते स्वतः फ्रान्समधील एका कॅथलिक वसतिगृहात नाव बदलून वाचले होते. हिलबर्ग यांच्या उणिवेवर इलाज झाला तो असा, दुसऱ्या ग्रंथाने. १९५८ मध्ये सगळ्यांनीच यद वाशेमचे ऐकले असते तर दुरुस्त करायला पुस्तकच नसते.

आकड्याचा वादही याच जातीचा. साठ लाख हा आकडा जगाच्या स्मृतीत कोरलेला आहे. हिलबर्ग यांचा हिशेब ५१ लाखांवर थांबला: घेट्टोतील उपासमार आणि हालअपेष्टा यांत आठ लाखांहून अधिक, उघड्यावरील गोळीबारांत तेरा लाखांहून अधिक, छावण्यांत तीस लाखांपर्यंत. इतर संशोधकांचे आकडे ५३ लाख ते ६० लाखांच्या घरात जातात आणि ते अधिक पटण्याजोगे असू शकतील. पूर्व युरोपातील जनगणनांचे सीमाबदलांशी गणित जुळवणे अतिशय कठीण आहे. पण संहार झालाच नाही म्हणणारे लोक या फरकाचा फायदा घेतील, हे माहीत असूनही हिलबर्ग यांनी आपला आकडा वाढवला नाही. त्यांचा हा हट्ट मला नैतिक वाटतो. जो इतिहासकार सद्हेतूने आकडा गोल करतो तो उद्या दुसऱ्याने दुष्ट हेतूने केलेल्या फेरफाराला कोणत्या तोंडाने हरकत घेणार?

दुसऱ्या बाजूने होणारा आक्षेप याच्या बरोबर उलटा होता. युद्धोत्तर जर्मनीत अनेक प्रतिष्ठित इतिहासकारांना वाटे की पीडितांपैकी कोणी या विषयाला हात लावला तर त्यात तटस्थता राहणार नाही. योझेफ वुल्फ यांची हकिकत यासाठी आठवावी. ऑशवित्झमधून वाचलेला हा माणूस बर्लिनमध्ये राहिला आणि १९५५ पासून नाझी राजवटीच्या कागदपत्रांचे खंडामागून खंड प्रसिद्ध करत गेला. विद्यापीठातील पदवी आणि पद दोन्ही नसल्यामुळे तेथील इतिहासकारांनी त्यांना बाहेरचे, भावनाविवश संग्राहक ठरवले. संहाराची आखणी झाली त्या वान्झे येथील बंगल्यात संशोधनकेंद्र व्हावे म्हणून त्यांनी केलेली खटपट फेटाळली गेली. १९७४ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी मुलाला लिहिले की मी अठरा पुस्तके काढली आणि त्यांचा काहीही परिणाम झाला नाही. ऑक्टोबरमध्ये त्यांनी खिडकीतून उडी टाकली. त्या बंगल्यात स्मारक झाले ते १९९२ मध्ये, आणि तेथील ग्रंथालयाला आता वुल्फ यांचे नाव आहे. त्याच काळातले मार्टिन ब्रोझाट हे म्युनिकच्या समकालीन इतिहास संस्थेचे प्रमुख. १९८० च्या दशकात फ्रीडलेंडर यांच्याशी झालेल्या पत्रसंवादात त्यांनी पीडितांच्या स्मृतीला मिथकाकडे झुकणारी आणि जर्मन इतिहासकारांच्या शास्त्रीय दृष्टीहून वेगळी ठरवले होते. त्यांच्या मृत्यूनंतर, २००२ मध्ये, ते स्वतः तरुणपणी नाझी पक्षाचे सदस्य होते हे कागद सांगू लागले. तटस्थतेचे प्रमाणपत्र जन्मावरून वाटायचे ठरवले की असे होते.

म्हणजे हिलबर्ग यांच्यावर दोन्हीकडून एकच ठपका येत होता: हा माणूस आपल्या पक्षाचा नाही. एका बाजूला ते मारेकऱ्यांचे कागद वाचणारे होते, दुसऱ्या बाजूला ज्यू होते. त्यांना वाचवले ते एका अगदी साध्या गोष्टीने, नोकरीने. १९५६ मध्ये व्हर्मोंट विद्यापीठाच्या राज्यशास्त्र विभागाने त्यांना घेतले आणि १९९१ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते तेथेच राहिले. मोठ्या विद्यापीठांच्या गजबजाटापासून दूर, थंड प्रदेशातील एका लहान राज्यात, ते आंतरराष्ट्रीय संबंध आणि अमेरिकेचे परराष्ट्र धोरण शिकवत. संहारावरचा अभ्यासक्रम त्यांनी सुरू केला तो १९७४ मध्ये, पुस्तक आल्यावर तेरा वर्षांनी. अमेरिकेचे अध्यक्ष कार्टर यांनी या संहाराविषयी नेमलेल्या आयोगावर नेमणूक, मान, व्याख्याने हे सारे त्यानंतरचे. विद्यापीठाने त्यांना फारसा गौरव दिला होता असे नाही. दरमहा पगार, ग्रंथालय आणि उन्हाळ्याची सुटी एवढे दिले आणि विचारले नाही की तुमच्या संशोधनाचा समाजाला काय उपयोग. वुल्फ यांना एवढेही मिळाले नव्हते. संशोधनस्वातंत्र्यावर आपण भाषणे पुष्कळ ऐकतो. प्रत्यक्षात ते बहुतेक वेळा कायम नेमणुकीच्या पत्रात असते.

मराठी वाचकाने या परदेशी भांडणात का पडावे, असे कोणी विचारील. मुंबई-पुण्याच्या पदपथावर हिटलरचे आत्मचरित्र मराठीत सहज मिळते आणि ते घेणाऱ्यांपैकी बहुतेकांना ज्यूंविषयी आकस नसतो; त्यांना कणखर नेता, शिस्त, राष्ट्रभक्ती असे काही हवे असते. कोकणातील बेने इस्राएल, ज्यांना आपण शनवार तेली म्हणत आलो, ते आपल्यात सुखाने राहिले याचा अभिमानही याच घरांत असतो. या दोन गोष्टी एका मनात नांदू शकतात, कारण संहार म्हणजे एका क्रूर माणसाची करणी अशी आपली समजूत आहे. त्या माणसातून क्रौर्य तेवढे वजा केले की उरलेला अनुकरणीय, असा सोयीचा हिशेब मग जमतो. हिलबर्ग यांच्या पुस्तकात हिटलर क्वचित दिसतो. ती शिस्त, ती कार्यक्षमता, तो चोख पत्रव्यवहार हाच तेथे खुनाचा अवजार आहे, त्यामुळे वजाबाकी करून हाती काही शिल्लक राहत नाही. आणि कचेरीची व्याख्या माणसाला कोठे नेऊन ठेवते हे पाहायला फार लांबही जायला नको: नाझींपासून पळून हिंदुस्थानात आलेल्या ज्यूंपैकी काहींना, त्यांचे पारपत्र जर्मन म्हणून, ब्रिटिश सरकारने शत्रूराष्ट्राचे नागरिक ठरवून आपल्या पुरंदर किल्ल्यावरच्या छावणीत ठेवले होते. त्यांची हत्या झाली नाही, हा फरक अर्थातच प्रचंड आहे. पण फायलीत माणूस कसा नाहीसा होतो हे त्या छोट्या गोष्टीतही दिसते.

आज या विषयावर दडपण येते ते वेगळ्या दिशेने. पोलंडच्या संसदेने २०१८ मध्ये असा कायदा केला की नाझी गुन्ह्यांची जबाबदारी पोलिश राष्ट्रावर टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकेल. जगभर ओरड झाल्यावर जूनमध्ये शिक्षेचे कलम मागे घेतले गेले. बार्बारा एंगेलकिंग आणि यान ग्राबोव्स्की या इतिहासकारांना मात्र न्यायालयात उभे राहावे लागले. त्यांनी संपादित केलेल्या दोन खंडांच्या ग्रंथातील एका गावच्या युद्धकालीन मुखियाविषयीच्या काही ओळींबद्दल फेब्रुवारी २०२१ मध्ये वॉर्साच्या न्यायालयाने त्यांना माफी मागायला सांगितले, आणि ऑगस्टमध्ये वरच्या न्यायालयाने तो निकाल रद्द केला. त्या ओळींत चूक असू शकते. तपशिलात चुका होतातच, आणि त्या दाखवण्याची जागा समीक्षालेखात, पुढच्या आवृत्तीत, दुसऱ्या पुस्तकात आहे. राष्ट्राच्या अब्रूचा दावा न्यायालयात नेणारे आणि समाजाच्या वेदनेचे कारण देऊन हस्तलिखित परत पाठवणारे यांच्यात हेतूचे अंतर फार आहे. पण इतिहासकाराकडे दोघांची मागणी एकच आहे, की आम्हाला जे ऐकवत नाही ते लिहू नका.

हिलबर्ग आपल्या पुस्तकावर अखेरपर्यंत काम करत राहिले. १९८५ मध्ये ते तीन खंडांचे झाले, २००३ मध्ये सोव्हिएत दफ्तरखाने खुले झाल्यानंतर सापडलेले कागद घालून पुन्हा निघाले. ऑगस्ट २००७ मध्ये व्हर्मोंटमध्ये त्यांचे निधन झाले. हिब्रू भाषेतील अनुवाद त्यांना पाहायला मिळाला नाही. तो २०१२ मध्ये आला, मूळ पुस्तकानंतर एक्कावन्न वर्षांनी, आणि तो प्रसिद्ध केला यद वाशेमने.